शोकेसमधल्या बाटल्या आधी खाली उतरवा

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका बाईंकडे फेब्रुवारीत, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, वाइनच्या सहा बाटल्या भेट आल्या. दोन सुलाच्या शिराझ कॅबर्ने, एक फ्रातेल्लीची सेते, एक ग्रोव्हरची ला रिझर्व या चार रेड, एक सोविन्यॉ ब्लाँ म्हणजे व्हाइट, आणि एक फसफसणारी शाँदों ब्रूट. तेव्हापासून त्या बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या शोकेसमध्ये दिव्याखाली उभ्या आहेत. यजमानांचं म्हणणं, वाइन जितकी जुनी तितकी चांगली, राहू दे. पुण्याच्या वन्सं म्हणतात, रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नसते. दिवाळीनंतर आठ-दहा माणसं जेवायला यायची आहेत, स्वयंपाक आपला नेहमीचाच. तर बाटल्या ठेवायच्या कुठे, वाढायच्या कशा, कशाबरोबर, आणि उरली तर तिचं काय करायचं?

हॉटेलांमध्ये वाइन वाढण्याचं आणि सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं केलं, आता इंदुरात मुलांना तेच शिकवते. तुमच्या घरातल्या दोन्ही सल्ल्यांवर मी काट मारणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

वाइनला सर्वांत जास्त बाधतं ते ऊन. तिला बारा ते चौदा अंश मानवतात, विशीपर्यंत ती कुरकुर करत नाही. पंचविशीच्या वर महिनोन्‌महिने राहिली की लवकर म्हातारी होते, आणि तिशीच्या वर गेली की शिजायला लागते. इंदूरचा पारा मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडतो. रात्री माळव्याचं वारं सुटतं म्हणून आपल्याला बरं वाटतं, पण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो. म्हणजे बाटली दुपारी फुगते, पहाटे आकसते, असं रोज. आतला द्रव फुगला की बूच किंचित वर सरकतं, आकसला की बाहेरची हवा आत ओढली जाते. लोणच्याच्या बरणीला ऊन दाखवलं की लोणचं मुरतं, वाइनची बाटली त्याच उन्हात मरते.

तुमच्या बाटल्या एक अख्खा उन्हाळा शोकेसमध्ये काढून आल्या आहेत. म्हणून पाहुण्यांच्या आधी त्यांची तपासणी करा. बूच असलेल्या बाटलीचं वरचं वेष्टण हातात धरून फिरवून पाहा. सैल फिरलं तर ठीक, चिकटून बसलं असेल तर आतून वाइन झिरपलेली असू शकते. वेष्टण काढल्यावर बूच काचेच्या कडेच्या वर आलेलं दिसलं, किंवा बाटलीच्या मानेवर वाळलेला चिकट ओघळ दिसला, तर उन्हाने काम केलंय असं समजा. सोविन्यॉ ब्लाँ उजेडात धरा. ती फिकट, हिरवट झाक असलेली पिवळी हवी. मधासारखी गडद झाली असेल आणि उघडल्यावर चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आला, तर ती गेली. रेड शिजली असेल तर ताज्या फळाऐवजी जॅमचा, सुकवलेल्या मनुकांचा वास येतो आणि जिभेवर ती सपाट लागते. अशी वाइन विषारी वगैरे नसते, मटणाच्या रश्शात बिनधास्त घाला, पाहुण्यांना मात्र नको.

या सहांत मला सर्वांत जास्त धास्ती त्या सोविन्यॉ ब्लाँची आहे. काच फिकट असेल तर तिच्यावर उन्हाइतकाच दिव्याचाही परिणाम झालेला असणार. पारदर्शक बाटलीत उजेड पोचला की वाइनमध्ये गंधकाची संयुगं तयार होतात आणि उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. शोकेसमधला दिवा दिसायला छान असतो, म्हणून त्याच्याखाली रिकाम्या बाटल्या मांडा.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे. मुरत ठेवून सुधारणारी वाइन जगात थोडीच असते. दुकानात मिळते त्यातली बहुतेक एक-दोन वर्षांत प्यावी अशा हिशेबानेच बनवलेली असते. सोविन्यॉ ब्लाँ, शेनँ ब्लाँ या व्हाइट आणि गुलाबी रोझे तर जितक्या ताज्या तितक्या चांगल्या. लेबलवरचं साल द्राक्ष तोडल्याचं असतं. आपल्याकडे पावसाळा संपता संपता वेलींची छाटणी होते आणि द्राक्षं जानेवारी ते मार्चच्या सुमारास तोडतात, म्हणजे नाशिकची २०२४ ची बाटली २०२४ च्या सुरुवातीलाच द्राक्षांतून उतरलेली असते. युरोपातली त्याच सालची बाटली तिच्यापेक्षा सहा-आठ महिन्यांनी लहान. दुकानात साल वाचायची सवय लावा, व्हाइट वाइन तीन वर्षांपूर्वीची असेल तर परत ठेवा. दुकानाच्या कपाटावर तिने किती उन्हाळे काढले ते कोणी सांगणार नाही.

तुमच्या सहांपैकी सेते आणि ला रिझर्व या दोन्ही जड अंगाच्या, ओकच्या पिंपात राहिलेल्या रेड. पहिली सांजोव्हेझी आणि कॅबर्ने सोविन्यॉ या द्राक्षांची, दुसरी कॅबर्ने आणि शिराझची. चांगल्या गार जागी या काही वर्षं टिकतात, थोड्या सुधारतातही. पण ती गार जागा इंदूरच्या घरात नाही. म्हणून माझा साधा नियम असा: घरात चार-सहा बाटल्यांपेक्षा जास्त साठवू नका, दसऱ्यापासून होळीपर्यंत काय प्यायचं ते पिऊन घ्या, आणि होळीनंतर जी उरेल ती फ्रिजमध्ये.

हो, रेडसुद्धा फ्रिजमध्ये. वन्संनी ऐकलेला नियम युरोपातल्या थंड भागांतून आला, तिथली जुनी घरं सतरा-अठरा अंशांच्या आसपास असायची. तिथे रेडला फ्रिज कशाला लागणार? आपल्याकडे एप्रिलमध्ये बैठकीच्या खोलीत चौतीस अंश असतात. फ्रिजच्या भाजीच्या खणात साधारण आठ-नऊ. वाइनला दोन्ही आदर्श नाहीत, पण थंडीने ती फक्त हळू होते, गरमीने बिघडते. फ्रिजच्या कोरड्या हवेने बूच सुकतं हे खरं, पण त्याला कित्येक महिने लागतात, एका उन्हाळ्यात काही होत नाही. बाटली आडवी ठेवली की बूच आतून ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची असेल तर उभी, आडवी, कशीही ठेवा. शाँदोंसारखी फसफसणारी उभीच ठेवली तरी चालते. फक्त डीप फ्रीझरमध्ये काही ठेवू नका. उणे सहाच्या आसपास वाइन गोठते, गोठली की फुगते, आणि मग बूच उडतं नाहीतर बाटली फुटते. ‘पाच मिनिटांत काढते’ म्हणून ठेवलेली बाटली कोणाच्याही लक्षात राहत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी फ्रिजची गरज नाही. तळमजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली, आतली खोली शोधा. दिवाणाच्या पोटात गाद्यांच्या खाली थर्मोकोलच्या खोक्यात बाटल्या आडव्या ठेवल्या तर दिवसा-रात्रीचा फरक त्यांच्यापर्यंत फारसा पोचत नाही. थर्मोकोल गार करत नाही, फक्त चढउतार बोथट करतं, हे लक्षात असू द्या. माळा अजिबात नको, घरातली सगळी गरम हवा तिथेच जाऊन बसते. स्वयंपाकघर नको. फ्रिजच्या डोक्यावरची जागाही नको, तिथे कॉम्प्रेसरची ऊब आणि थरथर दोन्ही आहे. जागा खरंच किती गार आहे हे पाहायचं असेल तर पाण्याने भरलेल्या बाटलीत थर्मामीटर बुडवून तिथे दोन दिवस ठेवा. नुसत्या हवेचा आकडा फसवतो, बाटलीतला द्रव काय सोसतो ते पाण्यावरून कळतं.

वाइनचं छोटं कपाट घ्यावं का, असं पुढे विचारालच. घ्यायचं तर कॉम्प्रेसरवालं घ्या. स्वस्तात मिळणारी बिनआवाजाची कपाटं वेगळ्या तंत्राची असतात आणि ती खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच खाली जाऊ शकतात. खोलीत अडतीस असतील तर ती बारावर येणार नाहीत, विशीच्या आसपास धापा टाकत बसतील. वर्षाला दहा बाटल्या पिणाऱ्या घराला मी तरी सांगेन, ते पैसे चांगल्या ग्लासांत आणि चांगल्या वाइनमध्ये घाला.

वाढतानाही सगळा खेळ तापमानाचाच. फसफसणारी सहा ते आठ अंशांवर, सोविन्यॉ ब्लाँ आठ ते दहा, हलकी रेड चौदा-पंधरा, आणि तुमच्या शिराझ, सेते, ला रिझर्व सोळा ते अठरा. तीस अंशांवर वाढलेल्या रेडमध्ये अल्कोहोल नाकात चढतं, फळ हरवतं, आणि लोक म्हणतात, “वाइन म्हणजे कडू औषध.” दोष वाइनचा नसतो. दिवाळीनंतर खोलीत पंचवीस-सव्वीस असतील, तर रेड तासभर फ्रिजमध्ये ठेवली की पुरे. मे महिन्यात त्याहून जास्त वेळ धरा. रात्रभर फ्रिजमध्ये राहिली असेल तर अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. फार थंड रेडमध्ये टॅनिन, म्हणजे कडक चहासारखं जीभ कोरडी करणारं ते द्रव्य, डोकं वर काढतं. शंका असेल तेव्हा थंडच वाढा, ग्लासात ती आपोआप गरम होते. गरम वाढलेली मात्र थंड होत नाही.

घाई असेल तर स्टीलची बादली घ्या, अर्धा बर्फ, अर्धं पाणी, वर मूठभर मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवा. रेड आठ-दहा मिनिटांत, व्हाइट वीस-पंचवीस मिनिटांत तयार. नुसता बर्फ भरला तर मध्ये हवा राहते आणि दुप्पट वेळ लागतो, काम पाणीच करतं. आणि ग्लासात बर्फ टाकणं? मेच्या दुपारी गच्चीवर साध्या शेनँ ब्लाँमध्ये एखादा खडा टाकला तर मी तोंड वाकडं करणार नाही. ला रिझर्वमध्ये टाकला तर करीन.

शाँदों उघडताना दाराशी मुलं उभी असतील, त्यांना आधी बाजूला करा. बाटलीत सुमारे सहा वातावरणांचा दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. बाटली पूर्ण गार हवी, न हलवलेली हवी. तारेची जाळी सहा अर्ध्या फिरक्यांत सुटते. ती सोडल्या क्षणापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी धरून बूच घट्ट पकडायचं आणि बाटली फिरवायची, बूच नव्हे. फुस्स असा बारीक आवाज आला म्हणजे जमलं. सिनेमातल्यासारखा धडाका केलात तर अर्धी वाइन जमिनीवर आणि बूच पंख्यावर.

ग्लासांबद्दल थोडक्यात. दांड्याचे, वर किंचित निमुळते, साध्या काचेचे एकाच मापाचे सहा-आठ ग्लास सगळ्याला पुरतात. एक तृतीयांशच भरा, वरची रिकामी जागा वासासाठी असते. आपल्याकडे खरी अडचण वेगळी आहे, बोअरिंगच्या पाण्याची. ते जड, त्यामुळे ग्लासांवर पांढरे डाग बसतात. पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून विसळा, मग नर्मदेच्या नळाच्या पाण्याने धुवा, आणि जुन्या मऊ सुती कापडाने पुसा. साबणाचा अंश राहिला तर फसफसणाऱ्या वाइनचे बुडबुडे बसून जातात. आणि ग्लास कपाटात उपडे ठेवू नका. आत फळीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडतो, मग पाहुणे वाइनला नावं ठेवतात.

बाटली आधी उघडून ‘श्वास घेऊ द्या’ म्हणतात, त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. एवढ्याशा तोंडातून हवा जाणार किती? कोवळ्या शिराझला हवा द्यायचीच असेल तर काचेच्या जगमध्ये ओता, अर्धा तास ठेवा, खोली गरम असेल तर जगच फ्रिजमध्ये. व्हाइटच्या बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत, चिंचेतलं आम्ल तेच. थंडीत ते खाली बसतात, बाधत नाहीत. याउलट ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशी आलेल्या वर्तमानपत्राचा वास आला तर तो बुचाचा दोष, आणि त्या बाटलीला काही इलाज नाही.

आता जेवण, माझा आवडता भाग. एक गोष्ट पक्की धरा: तिखट आणि टॅनिन यांचं जमत नाही. मिरची आणि लवंग जिभेवर असताना कडक रेड प्यायलात की दोन्हींची आग वाढते, अल्कोहोल त्यात तेल ओततं. लवंगेची रतलामी शेव आणि सेते हे म्हणून वाईट लग्न. शेवेला किंचित गोडसर, थंडगार शेनँ ब्लाँ हवी. तुमच्याकडे ती नाही, एक घेऊन ठेवा. तळलेल्याला आंबटपणा आणि बुडबुडे हवेत, तेलकटपणा धुऊन निघतो. कोथिंबीर वडी, अळूवडी, साबुदाणा वडा यांच्याबरोबर शाँदों इतकी बसते की पाहुण्यांना पहिला ग्लास तोच द्यावा. थंडीत सराफ्यातला गराडू, म्हणजे तळलेला कंद, आणलात, जिरावण मसाला भुरभुरलेला, लिंबू पिळलेला, तर त्याच्याशी सोविन्यॉ ब्लाँ बरोबर जुळते, लिंबाला लिंबू भेटतं. भुट्ट्याचा कीस दूध-तुपातला, थोडा गोडसर, तोही तिच्याचबरोबर.

भाजलेल्या वांग्याचं भरीत शिराझबरोबर खाऊन पाहा. शिराझमध्ये मुळातच मिरीचा आणि किंचित धुराचा वास असतो. लसूण घाला, हिरवी मिरची कमी करा. मटणाचा जाड रस्सा असेल, खोबरं-कांदा भाजून केलेला, तर सेते किंवा ला रिझर्व त्या वेळी काढा. चरबी आणि प्रथिनं टॅनिनला मऊ करतात, म्हणून या वाइनला मांसाहार हवासा वाटतो. पण तिखटाचा हात आखडता ठेवा, तांबड्या रश्शाचा हट्ट असेल तर शिराझच बरी. दाल-बाफल्याचं मात्र मला अजून कोडंच आहे. तुपाने सगळी जीभ माखलेली, वर डाळीची फोडणी. थंड रोझे निभावून नेते, एवढंच म्हणेन.

श्रीखंड, पुरणपोळी, जिलेबी आली की वाइन उचलून ठेवा. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि पोकळ लागते, आणि आपल्या पक्वान्नांपेक्षा गोड वाइन शोधून सापडत नाही. लोणचंही पानात असू दे, पण घोट आणि लोणचं पाठोपाठ नको.

आठ-दहा माणसांना तीन बाटल्या पुरतात, चार म्हणजे सढळ. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत दीडशेचे पाच ग्लास निघतात. क्रम असा लावा: आधी शाँदों, मग सोविन्यॉ ब्लाँ तपासणीत पास झाली असेल तर ती, मग एक शिराझ कॅबर्ने, मटण आलं की सेते. ला रिझर्व डिसेंबरच्या थंडीत तुम्ही दोघांनी प्या, गर्दीत ती वाया जाते. दुसरी शिराझ होळीच्या आधी संपवा. जे घेत नाहीत त्यांना त्याच दांड्याच्या ग्लासात कोकम सरबत द्या आणि दुसऱ्यांदा विचारू नका. सासूबाई हातात तसाच ग्लास घेऊन बसल्या की बैठकीतला अर्धा संकोच निघून जातो.

उरलेली वाइन, रेड असो की व्हाइट, झाकण लावून फ्रिजमध्ये. तीन दिवस चांगली राहते, पाचव्या दिवशी आंबट कळा येते. यावर एक युक्ती: बाटली उघडल्यावर लगेच, अर्धी उरणार हे माहीत असेल तर, ती स्वच्छ धुतलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा. हवाच नसली तर बिघडायला कारण कमी, आठवडाभर सहज जाते. फसफसणाऱ्या बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवतात, त्याने काही होत नाही. तिचं खास क्लिपचं झाकण मिळतं, ते लावलं तर दुसऱ्या दिवशीही बुडबुडे असतात. नेलपॉलिशचा वास यायला लागला की वाइन टाकून द्या, स्वयंपाकातही नको.

आणि दोन रूक्ष गोष्टी, पण विचारून घ्याव्यात अशा. घरात किती बाटल्या ठेवता येतात आणि दुसऱ्या राज्यातून किती आणता येतात याला आबकारीच्या मर्यादा आहेत, आणि धोरण दर वर्षी एप्रिलमध्ये बदलतं. नाशिकहून गाडीत घालून आणायचा बेत असेल तर आधी आबकारी कार्यालयात चौकशी करा. आणायला परवानगी असेलच, तर बाटल्या डिकीत नव्हे, पायाशी, एसीच्या हवेत ठेवा. धुळ्यानंतर उन्हात उभ्या गाडीची डिकी काय होते ते तुम्हाला माहीत आहे. दुसरं, गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. एका ग्लासातही बऱ्याच जणांची ती ओलांडली जाऊ शकते. राजेंद्र नगरला परत जाणाऱ्या पाहुण्यांसाठी कॅब आधीच सांगून ठेवा, आणि कोणी साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेत असेल तर त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ग्लास हातात घ्यावा.